पाणजूवरून जाताना

विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली ती १२ एप्रिल १८६७ला, बी. बी. अँड सी. आय. कंपनीची. थांब्यांत निळा, म्हणजे आपलं नालासोपारं, होतं, वसई होती, आणि पाणजूही होतं. नायगाव-भाईंदरच्या मधे खाडीतलं हे एवढंसं बेट. आज त्याच्या अंगावरून गाड्या धडधडत जातात, थांबत एकही नाही. तिथल्या माणसाला नायगाव गाठायचं तर होडी, नाहीतर रेल्वेच्या पुलावरून जीव मुठीत धरून पायी.

मग ज्याच्या गावातून रूळ गेले, त्याचा गाडीवर काहीच हक्क नाही का? हिशेबी माणूस म्हणेल, मूठभरांसाठी हजारोंचा खोळंबा कशाला? खोटं नाही ते. आमची केळी, पानं, भाजी याच रुळांवरून गेली. मीही त्या हजारोंतलाच. पण खोळंबा नको म्हणणं वेगळं, आणि खाली माणूस राहतो हेच विसरणं वेगळं. डब्याच्या दारातून लोक निर्माल्य खाडीत भिरकावतात, नारळासकट, वर हात जोडतात. असाच नारळ लागून पुलावरून चालणारा पाणजूचा एक तरुण २०२५ मध्ये गेला. टाकणाऱ्याला कळलंही नसेल. त्याला पापी म्हणावं का? माझ्या तोंडून तर निघत नाही. मात्र गाडी पुलावर आली की दारातल्या माणसाची पिशवी मी बघतोच. विचारतो, "भाऊ, काय हाय त्यात?"