देणगी आणि देणारा

दात्याने हातावर पाणी सोडून 'न मम' म्हटले, की दिलेली वस्तू त्याची राहिली नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो आहोत. परंतु घेणारा एक मनुष्य नसून सारा गाव असेल, तर ते पाणी कोणाच्या ओंजळीत पडते? प्रश्न पोथीतला वाटेल. पण तो तसा नाही.

समजा, तालुक्याच्या एखाद्या गावी लोकांनी वर्गणी काढून नाट्य-संगीतासाठी सभागृह उभारले आणि कोणा सधन गृहस्थाने त्यास एक थोरला पियानो दिला. समारंभ झाला, हारतुरे झाले, दात्याच्या नावाची पितळी पाटी बसली. आता या वाद्याच्या पोटात सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, आणि त्या सर्वांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. पावसाळ्यात तारांखालची लाकडी फळी ओल धरते, उन्हाळ्यात ती वाळते, आणि दोन्ही वेळा स्वर ढळतो. वर्षातून एकदा तरी जाणत्या कारागिरास बोलावून तारा लावून घ्याव्याच लागतात. दात्याने वाद्य दिले. सांभाळ कोणी दिला नाही. तो खर्च गावाने उचलला नाही, तर दोन पावसाळ्यांत त्या वाद्याचे फुलदाणी ठेवण्याचे मेज होते. आणि दाताच तो उचलीत राहिला, तर झाकणाची किल्लीही त्याच्याच खिशात राहते. कोणी वाजवावे व काय वाजवावे, हे तो न बोलताही ठरवू लागतो.

आपल्या धर्मशास्त्रकारांस ही अडचण ठाऊक होती. त्यांनी दान आणि उत्सर्ग असा भेद केला. दानात एकाची मालकी जाऊन दुसऱ्या ठराविक मनुष्याची येते. विहीर, तळे, बाग ही मात्र सर्वांसाठी सोडावयाची, हा उत्सर्ग. त्यात दाताही त्या तळ्याचे पाणी पिऊ शकतो. परंतु सर्वांपैकी एक म्हणून, तळ्याचा धनी म्हणून नव्हे. आमच्या मते यातील अवघड भाग तळे सोडण्याचा नाही, 'सर्वांपैकी एक' होऊन त्याच्या काठी परत येण्याचा आहे.

१९७५ साली महाराष्ट्रात अशा दोन गोष्टी घडल्या. पुण्यास दिनकर केळकर यांनी जन्मभर जमविलेला, आणि अल्पवयात गेलेल्या पुत्राच्या, राजाच्या, नावाने ठेवलेला संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. त्यातील वाद्ये काचेआड सुरक्षित आहेत आणि मुकी आहेत. संग्रहालयाचे कामच ते. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र तेथे जाणाऱ्यास पाहण्यापलीकडे काही करावे लागत नाही, म्हणून आमचा प्रश्नही तेथे फारसा उठत नाही.

तो उठतो राळेगणसिद्धीस. पारनेर तालुक्यातील हे अवर्षणाचे गाव त्या काळी दारूच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाई. यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा त्या भट्ट्यांखाली जळाले होते. त्याच वर्षी सैन्यातील वाहनचालकाची नोकरी सोडून किसन बाबूराव हजारे गावी परतले आणि आपल्या भविष्यनिर्वाह निधीतील सुमारे २०,००० रुपये त्यांनी त्या देवळाच्या दुरुस्तीस लावले. खेड्यात देऊळ हेच सभागृह. कीर्तन तेथे, भजन तेथे, गावाच्या बैठकाही तेथेच. पैसा एकाचा होता, पण तरुण मंडळी व मागाहून इतर गावकरी श्रमदानास उभे राहिले. पुढे नालाबांध, पाझर तलाव, शाळा ही कामे याच रीतीने झाली. ज्याने दगड वाहिला त्यास ते देऊळ आपले वाटू लागते. पियानोच्या धन्यास जे साधत नाही ते येथे साधले: देणगी घेताना गावालाही काही द्यावे लागले.

येथेच थांबता आले असते तर बरे होते. परंतु दाता गाव सोडून गेला नाही. तो त्याच देवळातील एका खोलीत राहिला, आणि त्याचा शब्द गावात कायद्यासारखा चालू लागला. दारूबंदी ठरली. ती मोडणाऱ्यास देवळापाशी खांबाला बांधून फटके मारीत, हे उघड आहे. हजारे यांनी ते कधी लपविलेही नाही. आई आजारी मुलास कडू औषध पाजते, त्यातला हा प्रकार, असे त्यांचे समर्थन. हा दृष्टान्त आम्हांस पटत नाही. मूल मोठे झाले की आईचा तो अधिकार सरतो, आणि गाव म्हणजे तर मोठ्या माणसांचाच समुदाय. निधीचे रुपये सोडणे सोपे होते असे नव्हे. पण त्या त्यागातून जे वजन आले ते सोडले गेले नाही. ज्यास खांबाला बांधले तोही 'सर्वां'पैकीच होता, आणि तो खांबही त्याचाच होता.

तथापि मार खाल्लेल्याच्या घरची स्त्री आम्हांस विचारील: तुमचा उत्सर्ग राहू द्या, माझ्या घरी रात्रीची शिवीगाळ थांबली ती कशाने? मजुरीचे पैसे घरी येऊ लागले ते कशाने? तिला 'कायदा होता' असे सांगण्यात अर्थ नाही. कायदा असतानाच भट्ट्या पेटत होत्या. तिच्यापुढे आमचे म्हणणे पुस्तकी ठरते हे आम्ही जाणतो, तरी ते मागे घेत नाही. कारण पट्टा उगारण्याचा निर्णय तिच्याही हाती नव्हता.

पुढे २००९ साली महाराष्ट्रात नवा नियम आला, आणि त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत हजारे हेही होते. गावातील २५ टक्के स्त्री-मतदारांनी लेखी मागणी केली, की परवान्याच्या दारूदुकानाविषयी गुप्त मतदान घ्यावयाचे. लोक त्यास उभी बाटली-आडवी बाटली म्हणतात. चोरट्या भट्टीवर त्याचा इलाज चालत नाही, आणि मते कमी पडून दुकान कायमही राहू शकते. त्या दिवशी ती स्त्री रांगेत उभी राहते, चिठ्ठी घेते, आणि तिने कोणत्या बाटलीवर शिक्का मारला हे देवळातील खोलीत राहणाऱ्यासही कळत नाही.