सर बिपिनकृष्ण बोस यांची बाजू

कायदेमंडळातल्या माणसाची किंमत आपण त्याच्या त्यागावरून किंवा गाजलेल्या भाषणांवरून करतो. या मापाने सर बिपिनकृष्ण बोस उणेच ठरतात. १८५१ साली जन्मलेला हा बंगाली वकील तरुणपणी नागपुरात आला आणि इथलाच झाला. पुढे तो सरकारी वकील झाला आणि शतक पालटताना व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मध्य प्रांताच्या वतीने बसला. तिथे अधिकार होते तरी किती? १८९२ च्या कायद्याने सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. प्रश्न विचारता येई, उपप्रश्न नाही. मध्य प्रांताला तर स्वतःचे कायदेमंडळ १९१४ पर्यंत नव्हतेच. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी खचलेल्या या मुलखाच्या वतीने कलकत्त्यात बोलायला जेमतेम एखादा बिनसरकारी माणूस होता. अशा सभागृहात जाऊन काय साधणार, ही शंका रास्तच आहे. पण माझ्या मते बोस यांचे काम सभागृहात नव्हे, संस्थांत शोधावे. कायदा, नियम, अनुदान, परीक्षा यांच्या किचकट वाटा ठाऊक असलेला माणूस गावाला कसा उपयोगी पडतो, ते तिथे दिसते.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो जड आहे. सरकारचे वकीलपत्र घेणारा, सरकारचा किताब मिरवणारा माणूस लोकांचा कसा? डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरातच भरले आणि न्यायालये, कायदेमंडळे व सरकारी शिक्षणसंस्था यांवरच्या बहिष्काराला तिथे मान्यता मिळाली. बोस यांनी हयात घालवली ती नेमकी या तिन्ही ठिकाणी! त्या बहिष्काराने सामान्य माणसाची भीती घालवली. ते बळ बोस यांच्या मार्गात नव्हते, हे मान्यच करावे लागेल. मात्र त्याच शहरात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सहा महाविद्यालयांचे नागपूर विद्यापीठ सुरू झाले आणि सत्तरी ओलांडलेले बोस त्याचे पहिले कुलगुरू झाले. तोवर इथल्या महाविद्यालयांची पदवी आधी कलकत्त्याची, मग अलाहाबादची असे. अभ्यासक्रम आणि परीक्षा नागपुरात ठरू लागल्या, हेही स्वराज्याचेच एक अंग होते. चळवळीने ते काम केले नसते. तिचा तो धर्मही नव्हता.

बोस १९३३ साली गेले. विद्यापीठाची शताब्दीही उलटून गेली आहे. त्यांचे आत्मकथन इंग्रजीत आहे. विद्यापीठाने ते मराठी वाचकाच्या हाती सहज पडेल असे करावे.