दोषांसकट अभिजात

लोकप्रियता आणि अभिजातता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे साहित्यसमीक्षेने फार पूर्वीच मान्य केले असले, तरी व्हिडिओ गेमच्या समीक्षेत हा भेद अद्याप पुरता रुजलेला नाही. तेथे ‘क्लासिक’ हे बिरुद बहुधा सफाईदार बनावटीच्या आणि बहुतेकांना आवडलेल्या खेळांनाच मिळते, आणि ज्या खेळाने खेळणाऱ्यांत उभी फूट पाडली त्याचा दावा विचारातही घेतला जात नाही. ‘फार क्राय २’ हा २००८ साली आलेला शूटर, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून समोरचे जग पाहत बंदूक चालवण्याचा खेळ, या निकषावर बाद ठरतो. मात्र त्याच्या निमित्ताने हा निकषच तपासून पाहणे अधिक उपयुक्त आहे.

मतभेदाचे पहिले कारण मालिकेच्या नावातच आहे. पहिला ‘फार क्राय’ २००४ साली क्रायटेक या जर्मन कंपनीने बनवला होता, तर दुसरा भाग युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रिऑल येथील स्टुडिओने क्लिंट हॉकिंग यांच्या दिग्दर्शनाखाली तयार केला, आणि त्यात पहिल्या भागातील बेट, नायक वा कथा यांपैकी काहीही उरले नाही. त्यांच्या जागी यादवी युद्धात सापडलेला आफ्रिकेतील एक अनाम देश आला, आणि जॅकल नावाच्या शस्त्रविक्रेत्याला ठार मारण्यासाठी तेथे उतरलेला, पण उतरताच मलेरियाने आडवा झालेला भाडोत्री सैनिक आला. मालिकेचे नाव हे खेळणाऱ्याला दिलेले एक प्रकारचे वचन असते आणि ते येथे मोडले गेले, ही तक्रार रास्त आहे. तथापि ती विक्रीच्या व्यवहाराविषयीची तक्रार आहे, कलाकृतीच्या मूल्याविषयीची नव्हे, आणि काळ लोटल्यावर तिचे वजन आपोआप घटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो खेळाच्या गाभ्यालाच हात घालतो. शत्रूकडून हिसकावलेली बंदूक गंजलेली असते आणि ऐन चकमकीत अडकते, त्यामुळे समोरून गोळ्या येत असताना पात्र आपले हत्यार ठोकून मोकळे करताना दिसते. नकाशा पाहण्यासाठी खेळ थांबत नाही, तर पात्र तो हातात धरते आणि गाडी चालवताना रस्ता व नकाशा यांवर एकाच वेळी नजर ठेवावी लागते. मलेरियाची लाट आली की दृष्टी अंधुक होते, आणि त्यावरच्या औषधाच्या गोळ्या संपल्या की निर्वासितांपर्यंत प्रवासाची कागदपत्रे पोहोचवून त्या मिळवाव्या लागतात. संकटात धावून आलेला साथीदार जखमी झाला, तर त्याला मॉर्फिनचे इंजेक्शन द्यावे लागते, आणि एवढ्याने भागले नाही तर त्याला मरणयातनांतून सोडवण्याचा निर्णयही खेळणाऱ्यानेच घ्यायचा असतो.

या गैरसोयी अनवधानाने राहून गेलेल्या नाहीत. हॉकिंग यांनी २००७ साली ‘बायोशॉक’ या खेळावर लिहिताना ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ ही संज्ञा मांडली होती. खेळाची कथा एक सांगते आणि त्याचे नियम खेळणाऱ्याकडून त्याच्या उलट काही करवून घेतात, या विसंगतीला उद्देशून ती आहे. ‘फार क्राय २’ मध्ये ही विसंगती मिटवण्याचा प्रयत्न दिसतो, कारण युद्धात माणूस कशावरच पूर्ण भरवसा ठेवू शकत नाही, हे तेथे संवादांपेक्षा हत्याराच्या बिघाडातून आणि शरीराच्या दुबळेपणातून अधिक प्रभावीपणे कळते.

म्हणून वादग्रस्त कृतीला एक वेगळी कसोटी लावणे योग्य ठरते: ज्या गोष्टीबद्दल तक्रार होते ती काढून टाकली, तर कृती सुधारते की नाहीशी होते? अडकणारी बंदूक आणि हातातला नकाशा काढले, तर चारचौघांसारखा एक शूटर तेवढा उरतो. पहाऱ्याच्या चौक्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. साफ केलेली चौकी, खेळणारा थोडा दूर जाऊन परतला की, पुन्हा सैनिकांनी भरलेली असते. एकट्याच्या पराक्रमाने युद्ध संपत नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो. परंतु तो अर्थ तिसऱ्या चौकीपर्यंत पोहोचलेला असतो आणि विसाव्या चौकीत त्यात काहीच भर पडत नाही, त्यामुळे हा दोष दोषच राहतो.

आशयाच्या बाजूनेही एक उणीव मान्य करावी लागते. या कथेवर जोसेफ कॉनरॅड यांच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ची छाया आहे, आणि आफ्रिकेला युरोपीय मनाच्या अधःपाताचे नेपथ्य करून तेथील माणसे पुसून टाकल्याचा जो ठपका चिनुआ अचेबे यांनी १९७५ सालच्या व्याख्यानात त्या कादंबरीवर ठेवला, तो या अनाम देशालाही बराचसा लागू पडतो. मात्र अशा आक्षेपाने कॉनरॅड यांची कादंबरी अभ्यासातून हद्दपार झाली नाही. ती आक्षेपासह वाचली जाऊ लागली.

खेळांच्या बाबतीत अभिजाततेचा प्रश्न आणखी एका कारणाने अवघड होतो. तंत्रज्ञान पुढे सरकते तसा मालिकेतील जुना भाग नव्या भागाचा कच्चा खर्डा वाटू लागतो आणि त्याच्याकडे परतण्याचे प्रयोजन उरत नाही. ‘फार क्राय ३’ने २०१२ साली ताब्यात घेतलेली चौकी कायमची ताब्यात ठेवली, खेळणाऱ्याला क्रमाक्रमाने बलवान होऊ दिले, आणि पुढच्या भागांनीही प्रामुख्याने हीच वाट धरली. ज्यांना दुसरा भाग जाचक वाटला त्यांना हवे ते यातून मिळाले, परंतु त्यामुळेच दुसऱ्या भागाची जागा मालिकेतील कोणत्याही नंतरच्या भागाला घेता आली नाही. त्याला अभिजात म्हणायचे ते या अर्थाने, म्हणजे तो निर्दोष आहे म्हणून नव्हे, तर तो जे देतो ते मिळवण्यासाठी अजूनही त्याच्याकडेच जावे लागते म्हणून. आणि त्याच्याविषयीचे मतभेद मिटण्याची वाट पाहण्याचीही त्यासाठी गरज नाही, कारण त्याचे चाहते आणि टीकाकार बहुतांशी एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतात.