तळाशी ठेवलेली होडी

रात्रीची जेवणं उरकली की टेबल पुसून घ्या. ओल्या टेबलाला नकाशा चिकटतो, म्हणून ते सुकेपर्यंत दोन मिनिटं थांबा. ही दोन मिनिटंही सहलीतच धरा.

नकाशा अलास्काचा आहे. बोट होमर या गावावर टेकवा. अँकरेजपासून साडेतीनशे किलोमीटर आलेला रस्ता इथे संपतो. गावातून समुद्रात शिरलेली वाळूगोट्यांची लांब जीभ दिसेल. तिच्या टोकावरून छोटी लाँच काचेमॅक उपसागर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर सोडते. मग पाठीवर ओझं घेऊन पाचेक किलोमीटर चाल, बरीचशी झाडीतून. झाडी विरळ होते, गोट्यांचं माळरान लागतं आणि पुढे ग्रूइंक हिमनदीचं तळं. बोट तिथे नेऊन थांबवा. उचलू नका अजून.

तळ्याचा रंग दुधात निळं कालवल्यासारखा असतो. हिमनदी सरकताना खालचा खडक दळते, आणि ते दगडाचं पीठ इतकं बारीक असतं की पाण्यात तरंगत राहतं. जात्यातून उडणारं पीठ ज्यांनी पाहिलंय त्यांना हा रंग समजावून सांगावा लागत नाही.

आता भरती-ओहोटीचं कोष्टक घ्या. मुंबईत भरती साडेचार मीटरच्या पुढे गेली की पावसाळ्यात तिची बातमी होते. काचेमॅकमध्ये ओहोटी आणि भरती यांतला फरक काही दिवशी आठ मीटरच्या वर जातो. लाँच कधी टेकेल आणि किनाऱ्यावर सामान किती वर नेऊन ठेवायचं, हे घड्याळापेक्षा चंद्र ठरवतो. परतीच्या दिवसाभोवती गोल काढा. त्याच्या दुसऱ्या दिवसाभोवतीही काढा. वारा उठला तर लाँच येणार नाही, आणि त्या जादा दिवसाचं जेवण पाठपिशवीत असायला हवं.

जेवणाचं म्हणाल तर मेतकूट आणि लसणाची चटणी नेण्याचा मोह मला आवरलेला नाही. या वासाचं अस्वलांना काय वाटतं ते ठाऊक नाही. त्यांच्या नाकाबद्दल मात्र शंका नको. खाणं आणि टूथपेस्टसुद्धा अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात, आणि डबा तंबूपासून लांब. स्टोव्हचा गॅस आणि अस्वलासाठीचा तिखट फवारा विमानातून नेता येत नाही. ते तिथे पोचल्यावर घ्यायचं. एवढं पुरे.

आता होडी मांडीवर घ्या. पॅकराफ्ट म्हणतात हिला. घडी केली की गुंडाळलेल्या जाड टॉवेलाएवढी, वजन तीन किलोच्या आसपास. 1982 साली अलास्कात होप गावापासून होमरपर्यंत रानावनातून चालत जायची एक शर्यत झाली. वाटेत नदी आडवी आली तेव्हा पंचावन्न वर्षांच्या डिक ग्रिफिथ यांनी पाठीवरच्या ओझ्यातून अशीच एक हवेची होडी काढली. बाकीचे, बहुतेक त्यांच्या निम्म्या वयाचे, बघत राहिले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवावीशी वाटते, हे कबूल करतो.

होडी दिवाणखान्यात पसरा. कापडी पिशवीत हवा कोंडून ती होडीत ढकलायची, असं दहा-पंधरा वेळा केलं की आकार येतो. शेवटची हवा मात्र तोंडानेच भरावी लागते. घाई करू नका. एक श्वास आत, तो सगळा होडीत. पुन्हा एक. कापड ताठ होत जातं तसं छातीला कळतं.

ही ताठ होडी गार पाण्यावर ठेवली की थोड्याच वेळात सैल पडते. भोक पडलेलं नसतं. आतली हवा गारठून आक्रसलेली असते. काठाशी उभं राहून आणखी चार श्वास द्यावे लागतात. घरून भरून आणलेला भरवसा तिथे अपुरा पडतो, आणि तो तिथेच, त्याच थंडीत, पुन्हा भरावा लागतो. या वाक्यापाशी मी बरेच दिवस थांबलो होतो. तुम्हीही थोडं थांबा.

मग एक बादली घ्या. बर्फ आणि पाणी. मनगटापर्यंत हात बुडवा आणि एक मिनिट श्वासाकडे लक्ष द्या. तो आपोआप तुटक होतो. हात बाहेर काढून लाइफ जॅकेटचं बक्कल लावून बघा. पवनेच्या धरणात मी सहा वेळा उलटून सहाही वेळा होडीत परत चढलो होतो, आणि त्याचा थोडा गर्वही झाला होता. बादलीने तो उतरवला. बोटं माझीच होती, पण ऐकत नव्हती. मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेख्त यांनी थंड पाण्याचा हिशेब तीन आकड्यांत मांडलाय: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. तोही लाइफ जॅकेट अंगावर असेल तर. काठापासून किती दूर जायचं, हे त्या मधल्या दहा मिनिटांना विचारा. तरंगणाऱ्या हिमखंडांना तर लांबूनच नमस्कार. नऊ दशांश पाण्याखाली असतात, खालून वितळतात आणि न सांगता कूस बदलतात.

वाऱ्याचाही विचार करा. हिमनदीवरची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून तळ्यावर घसरते. तीन किलोच्या होडीला ती पिंपळपानासारखी ढकलत नेते. म्हणून एका कागदावर आजच, आपल्या अक्षरात, लिहून ठेवा: पाण्यावर पांढरा फेस दिसला तर होडी फुगवायची नाही. तिथे उभं राहिल्यावर मन वकिली करू लागतं. आजच्या अक्षराला त्या दिवशीचं आकर्षण ठाऊक नाही, म्हणून त्याचं ऐकायचं.

एक गोष्ट मात्र कागदावर उतरत नाही. ऑक्टोबर 1967मध्ये या तळ्यावरच्या डोंगराचा कडा सुटला. आठ कोटी चाळीस लाख घनमीटर दगडमाती पाण्यात आली आणि लाट काठावर साठ मीटर उंच चढली. जे गोट्यांचं माळरान आपण मघाशी बोटाने ओलांडलं, त्यावरून ते पाणी गेलं होतं. वारा बघता येतो, कडा बघून काही कळत नाही. तंबूची जागा पाण्यापासून मागे आणि उंचावर शोधेन, एवढंच हातात आहे. त्यापुढच्या भीतीला मी हटवत नाही. सहलीला तीही येणार.

आता पाठपिशवी भरा. होडी वर ठेवायची की तळाशी? सोयीचं म्हणाल तर वर. मी तळाशी ठेवणार आहे. ती काढायला तंबू, भांडी, डबा, कपडे, सगळं एकेक करून गोट्यांवर मांडावं लागेल, आणि तेवढा वेळ माझं तोंड पाण्याकडे असेल.