जोयड्याच्या मुलांना कोण शिकवणार?

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातले शाळकरी पोर दिवसभरात तीन भाषांतून हिंडते. घरी कोकणी, शेजारी मराठी, पुस्तकात कन्नड. कुणबी वाडीतल्या पहिलीच्या मुलाला बेरीज येते, पण बेरीज कन्नडमधून विचारली की ते गप्प होते. ऑनलाइन शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग काय, असे विचारले तर मी पहिल्यांदा या गप्प बसलेल्या मुलाकडे बोट दाखवीन. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी धडे मुलांच्या मातृभाषेत आणले, पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्यांनी खपून केलेले भाषांतराचे काम यंत्र आता क्षणात करते. वर दहाव्यांदा विचारले तरी वैतागत नाही, आणि हा गुण आम्हा मास्तर मंडळींत तसा दुर्मीळच.

पण यंत्राला येते ती लिहिलेली, छापलेली भाषा. गूगल ट्रान्सलेटमध्ये कोकणी आली २०२२ साली. जोयड्याच्या कुणब्यांची बोली मात्र कागदावर फारशी उतरलेलीच नाही. मुडली, कोन, कणगी ही इथली कंदमुळे. त्यांच्याविषयी विचारले तर यंत्र ‘ठाऊक नाही’ म्हणेलच असे नाही. तितक्याच ठासून काहीतरी रचून सांगेल. कंदाबाबत आजी त्याला खोटे पाडील. विज्ञानाच्या धड्यात घरातून कोण पाडणार? शहरातल्या मुलाला ताडून बघायला शिकवणी असते, शिकलेले आईबाप असतात. इथे अनेक घरांत शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. माहितीच्या संरक्षणासाठीच्या २०२३ च्या कायद्यात मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे, पण जी अट वाचता येत नाही तिला दिलेल्या होकाराला संमती कसे म्हणायचे?

रेंजचे तर बोलायलाच नको. तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात आहे. काळी नदीवर सुपा धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, वीज दूरवर गेली आणि इथल्या रानातल्या वाड्या कित्येक वर्षे चिमणीच्या उजेडात राहिल्या. नवी सोय दाराशी कधी पोचते, याचा हा अनुभव आहे. कोविडच्या वर्षी शाळा बंद पडल्या तेव्हा कर्नाटक सरकारने ‘विद्यागम’ योजना काढली. शिक्षकच वस्त्यांवर गेले, देवळाच्या आवारात, झाडाखाली मुलांना घेऊन बसले. संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये ती थांबवावी लागली, तरी ऑनलाइन वर्ग जिथे पोचत नव्हते तिथे माणूस पोचला होता.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. यंत्र चुकीचे शिकवील, ती चूक सुधारता येईल. पण ‘टॅब दिलाय ना’ म्हणून शिक्षकाची रिकामी जागा रिकामीच ठेवणे फार सोपे आहे, आणि दहा-बारा मुलांच्या शाळेसाठी भांडायला कोणी बेंगळुरूला जात नाही. म्हणून टॅब जरूर यावेत, पण ते शिक्षकाच्या हाती यावेत. जिथे एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो, तिथे आधी दुसरा शिक्षक पाठवा.