स्वातंत्र्य कोणाचे आणि कुठवर?

मनुष्याच्या ज्या कृतीपासून दुसऱ्यास इजा पोहोचत नाही, तीत शासनाने हात घालावा काय? जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात हा प्रश्न घेऊन ‘घालू नये’ असे उत्तर दिले. आपल्याकडे मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनातून आगरकरांची वैचारिक घडण झाली. अमेरिकेत या विचाराला पक्षाचे रूप आले. १९७१ साली तेथे लिबर्टेरियन पक्ष स्थापन झाला आणि १९७४ साली रॉबर्ट नोझिक यांनी शासनाचे काम संरक्षण, न्याय व करारपालन एवढेच असावे, असे प्रतिपादन केले. तो पक्ष सत्तेच्या जवळपासही पोहोचला नाही. परंतु शासनाविषयीचा तो संशय तेथील दोन्ही मोठ्या पक्षांच्या भाषेत ऐकू येतो. न्यू हॅम्पशायर राज्यात तर प्रौढाने मोटारीत पट्टा बांधावा, अशी सक्ती आजही नाही.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे वाटेल. परंतु हाच प्रश्न आपल्या शिवारात आणि आपल्या नदीच्या पात्रातही उभा राहिलेला आम्ही पाहिला आहे.

प्रथम शिवाराचे पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. लेकीबाळी त्या बाजूला, माहेर या बाजूला, आणि मधे राज्याची सीमा. १९७२ साली महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकावा, खाजगी व्यापाऱ्यास नव्हे, आणि राज्याबाहेर तर नव्हेच. ज्या वर्षी या बाजूला भाव चढा, त्या वर्षी वरूड-नरखेडकडचा कापूस रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडू लागला. स्वतः पिकविलेला माल स्वतःच्या सोयऱ्याच्या गावी नेणारा मनुष्य चोर ठरला. शरद जोशी यांनी १९७९ साली शेतकरी संघटना व १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढून सरकारने शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूस व्हावे, असे आयुष्यभर सांगितले. या बाबतीत आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत, आणि शासनाच्या सेवेत पस्तीस वर्षे काढून हे म्हणतो आहोत.

मात्र एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ज्या वर्षी तिकडचा सरकारी भाव चढा असे, त्या वर्षी आपला कापूस तिकडे जाई, आणि तेव्हा सरकारी खरेदी आपणांस मुळीच जाचक वाटत नसे. स्वातंत्र्याची आमची आवड पुष्कळदा भावाबरोबर वरखाली होत असे. नफ्याच्या वर्षी मोकळीक मागणाऱ्याने तोट्याच्या वर्षाचीही तयारी ठेवावी, ही या विचाराची कठीण अट आहे. ती जोशींनी मान्य केली. आपण बहुतेकांनी केली नाही.

आता नदीचे पाहू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा लागतो, आणि पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार सुरू होते. जमावबंदीचे आदेश निघाले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. दगड थांबले नाहीत. माणसे दगावली आहेत, डोळे गेले आहेत.

एका वर्षी आमची नेमणूक काठावरच्या उपचार केंद्राशी होती. डोक्यास टाके पडलेला एक तरुण पुन्हा पात्राकडे निघाला. आम्ही अडविले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, डोकं माझं आहे.’’ मिलचे उत्तर त्याने चार शब्दांत दिले होते. आमच्या खिशात आदेशाचा कागद होता, पण त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते. त्याच्या मागे त्याची आई उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. तिने फक्त त्याच्या सदऱ्याचे टोक धरून ठेवले होते.

त्या घटनेचा विचार आम्ही पुष्कळ वर्षे केला. पात्रात उतरणाऱ्याने दगड खाण्याची तयारी ठेवलेली असते, हे खरे. पण त्याचा डोळा गेला तर शेत कोण पाहणार, म्हातारपणी आईला कोण सांभाळणार? ज्यांच्यावर हा भार पडायचा, त्यांची संमती कोणी विचारलेली नसते. कापूस विकणाऱ्याचा तोटाही घरावर येतो. पण तो पुढल्या हंगामात भरून निघू शकतो, डोळा भरून निघत नाही. आमच्या मते सीमारेषा येथे आहे.

म्हणून बंदीनेच सारे साधेल, असे आम्हांस वाटत नाही. कागदाने ते साधले नाही, हे आम्ही पाहिले आहे. लहान मुलांना पात्रात उतरू न देणे, हे शासनाचे निःसंशय कर्तव्य आहे. त्यापुढचे काम घराचे आहे. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून आपला स्वतंत्र जिल्हा झाला. कार्यालये जवळ आली. तरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्याशी जो प्रश्न विचारायचा, तो कोणताही जिल्हाधिकारी आपल्या वतीने विचारू शकणार नाही. तो तरुण त्या दिवशी पात्रात गेला नाही. आमच्या आदेशामुळे नव्हे, हे आम्हांस पक्के ठाऊक आहे.