निवाडा आणि त्याचा कर्ता

रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली लेखकाचा मृत्यू घोषित केला आणि अर्थनिर्णयनाचा अधिकार वाचकाकडे आला. साहित्यकृतीपुरती ही मुक्तीच होती. न्यायालयीन निवाडा हीही एक संहिताच. परंतु तेथे कर्त्याचा लोप मुक्तिदायक ठरतो काय?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०१६ साली लूमिस खटल्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. अपराधी पुन्हा गुन्हा करील काय, याचा 'कॉम्पास' या संगणकप्रणालीने वर्तविलेला अंदाज शिक्षा देताना विचारात घेतला गेला होता. कोणत्या घटकाला किती भार दिला, हे मात्र व्यापारी गुपित राहिले. न्यायालयाने हा वापर ग्राह्य मानला. तो अंदाज निर्णायक ठरू नये, अशी मर्यादाही घातली.

प्रश्न केवळ अचूकतेचा नाही. न्यायाधीशही पूर्वग्रहमुक्त नसतात. पण त्यांनी नोंदविलेली कारणे ही स्वतःच्या नावावर पत्करलेली जबाबदारी असते. म्हणूनच अपिलात त्यांचे खंडन करता येते. गुपित गणिताचे खंडन कसे करणार? बार्थ यांच्या वाचकाला लेखकाची गरज नव्हती. शिक्षा भोगणाऱ्या वाचकाला ती आहे.